आधी घड्याळ

जुना सेल निघाला, नवा अजून बसायचा होता, आणि नेमका तेव्हाच लाल दिवा मिणमिणला.

सुनेचे दोन्ही हात गुंतलेले होते. एकात चिमटा, दुसऱ्यात सोल्डरिंगचं तापलेलं पेन. टेबलावर हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम पालथा होता. या कामासाठीच तिनं त्याच्या पाठीला करवतीनं खिडकी पाडून घेतली होती. खिडकीतून गेमच्या कॅसेटची उघडी सर्किटची पाटी दिसत होती, आणि खाली ठेवलेल्या आरशात गेमचा पडदा आणि तो लाल दिवा. खेळणाऱ्यानं जमवलेलं सगळं कॅसेट लक्षात ठेवते ते एका बटणाएवढ्या सेलाच्या जिवावर. तो बदलायचा तर गेम चालू ठेवून. तेवढा वेळ गेमच्या पोटातले चार पेन्सिल सेल कॅसेटला जागं ठेवतात. मध्येच गेम बंद पडला की पाटी कोरी.

ही कॅसेट दुरुस्तीला घेऊन आलेल्या नर्सबाई स्टुलावर बसल्या होत्या, आणि पाटीवर त्यांच्या मुलाचं खेळातलं शेत होतं. सातवीत असताना त्यानं ते लावलं आणि गोठ्यातल्या गाईचं नाव ठेवलं आई. का, तर दूध देते आणि सारखी हंबरते. त्याच्या परीक्षेच्या दिवसांत नर्सबाई ड्युटीवरून आल्या की गुपचूप त्या गाईला चारा घालत. त्याला आजवर सांगितलं नव्हतं. रविवारी तो स्वतःच्या लेकीला घेऊन येणार होता. बाकी गेलं तर जाऊ दे, गाय तेवढी राहू दे, असं त्यांनी आल्या आल्याच बजावलं होतं.

सोल्डरचा टाका धरेना. पंचवीस वर्षांत पाटीवर हिरवट गंज चढला होता. तो खरवडायला वेळ हवा होता, आणि दिवा तर विझायला निघालेला. सकाळीच नवे सेल घातले होते तिनं. तिनं मान वर केली. भिंतीवरची चारही घड्याळं आज कशी तरतरीत टिकटिकत होती.

"आप्पा, घड्याळांचे सेल बदललेत का आज?"

"बदलले की," खिडकीपाशी बसलेले सासरे म्हणाले. "तुझ्या त्या खेळण्यात चार कोरे सेल फुकट पडले होते."

आप्पांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता आणि घरात नियम त्यांचाच चाले. नवा सेल आधी घड्याळाला, तिथून उतरला की रिमोटला, अगदीच जीव गेला की खेळण्याला. सुनेच्या सगळ्या धंद्याला ते खेळणी म्हणत. रागानं नाही, सवयीनं. पण कारागिराला कारागिराची शांतता कळते. ते उठून उभे राहिले.

"किती वेळ आहे?"

"चार मिनिटं. भिंतीवरून उतरवा चारही. लाल-काळ्या वायरीचा डबा तुमच्या उजव्या हाताला आहे, त्यांचे सेल त्यात भरा."

आप्पांच्या डोळ्यांनी कधीच हात टेकले होते, हातांनी नाही. ते भिंत चाचपत गेले. एक टिकटिक थांबली, मग दुसरी. इतक्यात आतल्या खोलीत बाळ उठलं. सुनेचा जीव दाराकडे धावला, हात जागचे हलले नाहीत. नर्सबाई न विचारता आत गेल्या आणि रडं खांद्यावर टाकूनच बाहेर आल्या. तिसरी टिकटिक थांबली. चौथी थांबली.

"जागा दाखव," आप्पा टेबलाशी येऊन म्हणाले.

तिनं पेन स्टँडवर ठेवलं, त्यांची बोटं धरली आणि वायरींची टोकं गेमच्या पोटातल्या दोन पट्ट्यांवर नेऊन टेकवली. "आता हलायचं नाही."

"केसाएवढ्या स्प्रिंगा धरल्यात मी चाळीस वर्षं, सूनबाई. तू तुझं बघ."

आरशातला दिवा पुन्हा भरला. तिनं गंज खरवडला, धातू चमकेपर्यंत. मग घाई न करता सेल बसवला, एक टाका, दुसरा टाका. फुंकर घातली. आप्पांची बोटं तशीच होती, जणू टेबलाचाच भाग.

"सोडा आता," ती म्हणाली आणि तिनं गेमचं बटण बंद केलं.

"अगं, बंद कशाला केलास?" नर्सबाईंचा आवाज चिरकला.

"बंद करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही, सिस्टर."

तिनं मनात दहा आकडे मोजले. पोटातले मेलेले सेल काढले, डब्यातले चार त्यांच्या जागी घातले आणि बटण दाबलं. मग गेम सुलटा करून सरळ नर्सबाईंच्या हातात दिला. खांद्यावर बाळ, एका हातात गेम. अंगठा आपोआप फिरला. शेताच्या कडेकडेनं, विहिरीला वळसा घालून, गोठ्यात. तिथं इंग्रजी तीन अक्षरांत आई उभी होती.

नर्सबाईंनी आधी तिला चारा घातला. मग डोळे पुसले.

कॅसेट घेऊन त्या गेल्यावर सून नेहमीच्या हिशोबानं गेममधले सेल काढायला लागली. उतरवलेली घड्याळं टेबलावर ओळीनं पडली होती, चारही थोड्याथोड्या सेकंदांच्या अंतरानं थबकलेली. आप्पांनी चाचपत तिचा हात धरला, सेल परत आत दाबले आणि झाकण लावून टाकलं.

"आणि घड्याळं?" तिनं विचारलं.

"राहू दे," आप्पा म्हणाले. "वेळ काय, कुणालाही विचारता येते."