मरळीचा रस्सा

तळ्यातले मासे चोरणाऱ्या अल्पवयीन पोरांना कोर्टात न नेता माझ्या अंगणात जाळं विणायला बसवतात. या केंद्राला सरकारी निधी मिळतो. त्या पोरांना माझी बायको गोकुळा जेवू घालायची. ती गेली, तरी पोरं येत राहिली, म्हणून घरात आवाज होता.

यंदा जिल्ह्याचे साहेब आले. म्हणाले, "वर्षभरात एकही चोरी नाही. निधी बंद होणार."

"म्हंजे पोरं सुधरली म्हून बंद?"

"वरून तसंच आहे, भाऊ."

ते गेल्यावर स्वप्निलनं इथंच विणलेलं जाळं खांद्यावर टाकलं. त्याची मुदत कधीच संपली होती, तरी तो रोज यायचा.

"कुठी चालला बे?"

"केंद्र वाचवाले. तक्रार तुम्हीच द्या."

मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष मीच. दिली तक्रार. साहेब चौकशीला आले.

"चोरलेली मरळ कुठे आहे?"

मी माझ्या हातच्या रश्श्याचं ताट पुढं केलं. साहेबांनी दोनदा रस्सा मागून घेतला, वर म्हणाले, "मीठ फार झालं." मग हात धुऊन कागद काढला. "याला किती दिवस बसवू इथे?"

स्वप्निल म्हणाला, "भाऊले रस्सा जमेपर्यंत."