अडीच इंच

गाडी गॅरेजच्या दारापेक्षा अडीच इंच उंच निघाली.

बादशहा मिस्त्रींनी टायरांमधली जमेल तेवढी हवा आधीच काढून बघितली होती. आधी साडेतीन इंच होते, आता अडीच उरले. शाहूपुरीतल्या त्या गॅरेजात दोन महिने काम चाललं होतं. नेसरीच्या गणपतरावांच्या वडिलांची अठ्ठेचाळीस सालची पिकअप. तिची चासी चिरली होती. बॉडी मात्र गणपतरावांचा जीव. म्हणून लष्कराच्या लिलावातली चारी चाकं ओढणारी, जुनीपेक्षा उंच चासी आणली, हौदा अकरा इंच कापला आणि जुनी बॉडी तिच्यावर चढवून पक्की वेल्ड केली. एकेक माप मिस्त्रींच्या लेकीनं, शमशादनं घेतलं होतं. वडिलांना टेपवरचे आकडे आता दिसत नव्हते आणि ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं गाडीतलं सगळं मोजलं. दार गाडीत नव्हतं.

"चौकट काढा की वरची," गणपतराव म्हणाले. ते हार-नारळ घेऊन, नवा फेटा बांधून आले होते.

"एक वीट हलली तर गॅरेज खाली करायचं," घरमालक अप्पा दारातूनच म्हणाले. सकाळपासून ते चौकटीला हात लावून उभे होते.

"मग बॉडी उतरवा."

"वेल्डिंग तोडावं लागंल. पंधरा दिवस."

"मग मी दुसरा मिस्त्री बघतो."

बादशहा मिस्त्री लेकीकडे वळले. "माप तुझं हाय. आज गाडी भाईर निघाली न्हाय, तर उद्यापासनं गॅरेजात पाय टाकायचा न्हाय. कॉलेज आन् घर. बास."

शमशादनं मान हलवली. गॅरेज तिला सोडायचं नव्हतं; नजर गाडीच्या मागच्या चाकांवर होती. तिथल्या, वजनानं दबणाऱ्या कमानपाट्यांच्या पट्ट्या ती मनात मोजत होती.

"गणपतराव, जरा हौद्यात बसता?"

"मी? कशाला?"

"बसा तर."

गणपतराव बसले. तिनं रस्त्यावरून जाणारे आणखी पाच जण बोलावून बसवले. मग टपापासून चौकटीपर्यंत टेप धरली.

"सहा माणसांना पाऊण इंच दबली," ती म्हणाली. "म्हणजे अडीच इंचाला वीस. वर घासू नये म्हणून दोन जादा. अब्बा, बावीस माणसं पायजेत."

"पाटे मोडतील!"

"लष्कराचे हायत. तोफ वढलीया त्यांनी."

बातमी गल्लीत पसरायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गिरणीतली माणसं पीठ झटकत आली. न्हावी एका गिऱ्हाईकाला अर्ध्या दाढीनं घेऊन आला. शेजारची हुसेनबी पानाचा डबा सांभाळत आली आणि सगळ्यांत पुढची जागा धरून बसली. शमशादनं चौघांना पुढच्या बंपरवर वाकून उभं केलं, म्हणजे गाडीचं नाकही दबेल. बाकीचे हौद्यात एकमेकांच्या मांडीवर. एकवीस झाले.

एक माणूस कमी पडत होता. शमशादनं इकडंतिकडं पाहिलं.

"अप्पा, चढा."

"मी घरमालक हाय!"

"चौकट तुमचीच हाय की. वाचवायची तर बसा."

अप्पांना चढवायला तिघांनी हात लावला. ते बसले आणि गाडी चांगलीच खाली गेली. हौद्यात टाळ्या पडल्या. एकटे अप्पा दीड माणसाचे होते, हे मोजायची गरजच नव्हती.

टप आणि चौकट यांच्यामध्ये काडेपेटी आडवी जाईल एवढी फट दिसली.

बादशहा मिस्त्री स्टिअरिंगवर बसले. शमशाद दारात फटीवर डोळा ठेवून उभी राहिली. "कुणी हलायचं न्हाय," ती ओरडली, "आन् हसायचं तर अजिबात न्हाय! हसलं की गाडी उसळती!"

हे तिनं सांगायला नको होतं. गाडी हातभर सरकली आणि हुसेनबीच्या तोंडून बारीक 'खी' निघाली. गणपतरावांनी फेट्याचा शेमला तोंडात कोंबला. न्हाव्याचं गिऱ्हाईक गालावरचा फेस धरून थरथरू लागलं. सगळी गाडी बारीक बारीक हलत होती, फट मोठी होत होती, लहान होत होती.

"अप्पा, हसू नगा!"

"मी... न्हाय... हसत..." अप्पांचं पोट हलत होतं. टप चौकटीला टक् करून लागला. शमशादनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा गाडी रस्त्यावर होती. चौकटीवर बोटभर चुना खरवडला होता, बस्स. मग जे हसू फुटलं त्यानं समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा बाहेर आली. अप्पा डोळे पुसत होते. हार कुणी चुकून हुसेनबीच्याच गळ्यात घातला, नारळ बंपरवर फुटला. बादशहा मिस्त्री हवेचा पंप आणायला उतरले. लेकीजवळून जाताना थांबले, चौकटीवरचा खरवडा बघितला आणि पुढं गेले. शमशाद टेप गुंडाळत राहिली. गाडी निघाली होती, तरी उद्याचं काय ते कुणी सांगितलं नव्हतं.

हौद्यातली माणसं उतरायला उठली.

"ओ, थांबा! कुणी उतरू नका!" गणपतराव एकदम ओरडले. ते त्या चौकटीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत चालला होता. "आमच्या नेसरीची शेड... आमच्या बाबांनी ही गाडी मापून बांधलीया, जुन्या चासीवर हुती तवा. तिचं दार ह्याच्यापेक्षा बी चार बोटं खाली हाय."

मग हुसेनबी हारासकट पुन्हा खाली बसली आणि तिनं पानाचा डबा उघडला. अप्पांनी हौद्याला पाठ टेकली. नेसरी कशी आहे, तिथं जेवायला काय मिळतं, अशी चौकशी सुरू झाली.

टायरांत हवा भरून झाल्यावर बादशहा मिस्त्रींनी केबिनचं दार उघडलं आणि लेकीला हाक मारली.

"बस म्होरं. आन् ह्या टायमाला आधी दार मोज."