तातडीचा ट्रे

एकतीस नंबरच्या ट्रेमधली तंबाखू हिरवीगार, टवटवीत उभी होती. रोपं सांभाळणाऱ्या हॉबर्टने एकेक पान उलटून पाहिलं.

काचघरातल्या बाकीच्या ट्रेंवर रोग अगदी हवा तसा पडला होता. पानं आखडलेली, त्यांवर पिवळट डाग. इथलं कामच तसं. पेशंटच्या कर्करोगातला जीन तंबाखूच्या विषाणूत घालायचा आणि तो विषाणू पानांवर चोळायचा. पान आजारी पडलं की त्यातच त्या पेशंटपुरती लस तयार होते. एका ट्रेवर एका माणसाचा जीव. एकतीसवर लाल चिठ्ठी होती : तातडीचं.

"काहींचा जीन रुजतच नाही," डॉक्टर कोलीनने पेन उघडलं. "हॉस्पिटलला नाही म्हणून कळवते. बिचारी बाई!"

हॉबर्ट गप्प राहिला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता. तंबाखूचं शेत कधीच विकून झालं होतं. केंटकीत सत्तरीच्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? बायकोची, वर्नाची औषधं याच पगारावर चालायची. पण ती कोण कुठली बाई फुकट मरणार, हे त्याला सहन होईना.

"थांबा. तिच्या जीनचा दोष नाही, माझा आहे. हात स्वच्छ ठेवा म्हणाला होतात ना? हिचं तातडीचं, म्हणून मी जास्तच काळजी घेतली. हातमोजे दुधात बुडवले."

"दुधात?"

"रोपांना हात लावण्याआधी आम्ही तंबाखूचे शेतकरी हात दुधातच बुडवतो. दुधाने विषाणू निकामी होतो, हातांचा रोग रोपांना लागत नाही. चाळीस वर्षांची सवय, डॉक्टरबाई. डोकंच चाललं नाही माझं."

कोलीनने पेन मिटून ठेवलं. मग तिने फ्रीजर उघडून पाहिला.

"एकदाच चोळायला पुरेल इतका तिचा विषाणू उरलाय. मी स्वतः चोळते. पण काका, हे मला वर सांगावं लागेल."

"सांगा की."

संध्याकाळी वरिष्ठांनी त्याच्याकडून काचघराचं ओळखपत्र काढून घेतलं.

दहाव्या दिवशी नाश्त्याच्या वेळी कोलीनचा फोन आला. हॉबर्टने नुसतं ऐकलं, फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागला. वर्ना धावत आली.

"अहो, काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं," तो म्हणाला. "एकतीसची पानं आजारी पडली गं. देवाची कृपा."