एका जागेचे दोघे

वांदीनं हाणलेला चेंडू उजवीकडच्या गवतात पडला तेव्हा तो धावत सुटलाच होता. पहिल्या बेसवर पोचून त्यानं पाय रोवला. बेसला पाय लागलेला असेपर्यंत त्याला कुणी बाद करू शकत नव्हतं; पाय सुटला आणि चेंडू धरलेल्या हातानं कुणी शिवलं, की बाद.

बानी गावच्या बेसबॉल संघाला यंदा पहिला बेस सांभाळायला एकच माणूस हवा होता. उमेदवार दोन, वांदी आणि एलादिओ. मॅनेजरनं आज दोघांना समोरासमोरच्या संघांत घातलं आणि सांगून टाकलं, सामना संपला की एकानं सामान बांधायचं.

एलादिओनं मेक्सिकोत, तैवानमध्ये, कुठे कुठे पहिला बेस सांभाळला होता. आता गुडघ्याला पट्टी आणि दाढीत पांढरे केस. वांदी त्याचा खेळ बघतच मोठा झालेला. त्याच्याच पोटावर पाय द्यायचा, या विचारानं सकाळी आईनं कच्ची केळी उकडून कुस्करून केलेला मांगूही त्यानं तसाच ठेवला होता.

मैदानातून आलेला चेंडू बेसजवळ उभ्या एलादिओनं झेलला. लंगडत चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे गेला, त्याच्या खांद्यावर थोपटून दोन शब्द बोलला आणि परत आला. पिचर बुटाची नाडी बांधायला खाली बसला.

“काय हाणलास रे! बापापेक्षा बरा निघालास,” एलादिओ म्हणाला.

“काका, राग नाही ना आला?”

“कसला राग? माझ्या गुडघ्यानं केव्हाच राजीनामा दिलाय. मीच आपला चिकटून बसलोय.”

वांदी हसला. पाय मात्र त्यानं बेसवरच ठेवला.

“बायको म्हणते, पुरे झालं, घरी बसा, आंबे विका. विकीन म्हणतो. ही जागा तुझी आहे, पोरा. मॅनेजरला मीच सांगणार आहे.”

“काका, असं नका ना बोलू...”

“रडतोस काय गाढवा, सगळे बघतायत! ये इकडे.”

एलादिओनं हात पसरले. वांदीला एकदम हलकं वाटलं. तो बेसवरून दोन पावलं पुढे झाला आणि त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“मोठा हो,” एलादिओ म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता.

वांदीच्या पाठीवर त्याचा ग्लव्ह टेकला. त्यात चेंडू होता.