एका बुक्कीत फळी

विद्यापीठाच्या कराटे क्लबला नव्या मॅट हव्या होत्या आणि तिजोरीत खडखडाट होता, म्हणून कॅप्टनने शक्कल लढवली: तिकीट काढा, एका बुक्कीत फळी फोडा! गिऱ्हाईक हिरमुसून जाऊ नये म्हणून त्याने प्रत्येक फळीला मागून करवतीची चीर मारून घेतली होती. स्टॉलवर झुंबड उडाली. फळी फुटली की जो तो दंड फुगवून फोटो काढून घेई आणि कॅप्टन गालातल्या गालात हसे.

मग त्याची मावशी पुढे आली. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्या घालणारी, दार आपटलं तरी दचकणारी. त्या बाह्यांबद्दल घरात कुणी कधी विचारत नसे. तोही नाही.

"मला जमेल का रे?"

"मार गं बिनधास्त!"

मावशीने डोळे गच्च मिटून बुक्की हाणली. फाडकन दोन तुकडे! ती आपल्या मुठीकडे बघतच राहिली, मग खळखळून हसली आणि तुकडे पिशवीत घालू लागली.

"अगं, ते कशाला नेतेस?" त्याने घाईघाईने विचारलं.

"तुझ्या काकांना दाखवते. म्हणावं, आता हात उगारूनच बघा!"

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण मागे रांग होती, सगळे ऐकत होते. मावशी ताठ मानेने घराकडे निघाली. त्याने मान खाली घातली.

काका सुतार होते. फळ्यांना त्या चिरा त्यांनीच मारून दिल्या होत्या.