एकाच तारखेचं गाव

"सतरा फेब्रुवारी सोडून कुठलीही तारीख द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकतीस जूनसुद्धा चालेल."

नगरपालिकेच्या हेडक्लार्कनं चष्मा कपाळावर चढवला आणि समोरची खुर्ची दाखवली. डॉक्टरबाई बसल्या नाहीत. बसलं की राग उतरतो, हे त्यांना पेशंटांमुळे ठाऊक होतं.

गावाचा सगळा इतिहास सतरा फेब्रुवारीला घडलेला होता. पूल त्या दिवशी खुला झाला. घरोघरी नळाचं पाणी त्याच तारखेला आलं. वाचनालय, बसस्थानक, अग्निशमन केंद्र, सगळ्यांची वर्षं निरनिराळी, तारीख एकच. शाळेतली पोरं पेपरात सालं चुकायची, तारीख मात्र ढ पोरालाही यायची. पूल तर म्हणे बांधून झाल्यावरही कितीतरी महिने बंद ठेवला होता आणि लोक त्याच्याखालून मुकाट होडीनं जात होते. उघडला तो सतरा फेब्रुवारीलाच. या योगायोगावर एका प्राध्यापकांनी भलंमोठं व्याख्यान दिलं होतं आणि त्यात ग्रहताऱ्यांपासून नदीच्या पुरापर्यंत सगळ्यांना कामाला लावलं होतं. कुणाला काही कळलं नाही, पण टाळ्या कडाडून पडल्या. शेजारच्या गावाकडे असा दिवस नव्हता. तेवढं गावाला पुरे होतं.

डॉक्टरबाईंचं या दिवसाशी लहानपणापासून वाकडं. त्यांचा वाढदिवसही सतरा फेब्रुवारी. पूल त्यांच्याहून एका वर्षानं धाकटा, म्हणजे तारखेवर पहिला हक्क त्यांचाच. पण ऐकतो कोण? त्यांना मैत्रिणी घरी बोलवायच्या असत आणि बाबा त्यांना खांद्यावर बसवून उद्घाटनाला नेत. बाबा पाथरवट. गावातली उद्घाटनाची प्रत्येक दगडी पाटी त्यांच्याच हातची. ज्या वर्षी नवं उद्घाटन नसे, त्या वर्षी पुलाच्या वर्धापनदिनाचा बँड ऐकायला नेत, आणि जाता जाता जुन्या पाट्या पुसत. फुगे सुटत, गोळ्या वाटल्या जात, पाटीवरचा पडदा सरकला की बाबा अशी मान ताठ करत, जणू पूल त्यांनी एकट्यानं बांधला होता. खांद्यावरच्या पोरीला वाटे, यांना माझ्यापेक्षा दगडाचं कौतुक जास्त.

ते सगळं त्यांनी पोटात घातलं होतं. आताचा प्रश्न प्रसूतिगृहाचा होता. त्या इमारतीसाठी त्यांनी किती उंबरे झिजवले याचा हिशेब उंबऱ्यांनीच ठेवावा. कामकाज सुरूही झालं होतं. बाळं काही प्रमुख पाहुण्यांसाठी खोळंबत नाहीत. उरला होता तो फक्त समारंभ. त्याला स्वतःचा दिवस हवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्यांना अग्निशमन केंद्राच्या शेपटीला बांधायचं नव्हतं.

म्हणून सकाळीच त्या बाबांच्या कारखान्यात जाऊन आल्या होत्या. बाबांनी पाटीवर गोणपाट टाकून ठेवलं होतं.

"तारीख कोरली नसेल तर थांबा, बाबा."

पाटी तयार आहे, म्हणाले. दगडाचं काम आधीच उरकावं लागतं, आयत्या वेळी पळापळ करायला तो काही कागद नाही.

"पण तारीख दिली कुणी?"

"हापिसातून येतं ते कोरतो. मी हातोडा मारणारा माणूस." त्यांनी गोणपाटावरची नसलेली धूळ फुंकली आणि जेवलीस का, म्हणून विचारलं. विषय संपवायचा असला की त्यांना लेकीच्या जेवणाची काळजी लागायची.

तेव्हा डॉक्टरबाईंनी थेट हे हापीस गाठलं होतं. हेडक्लार्क महिनाअखेर निवृत्त होणार होते, त्यामुळे आता त्यांना कुणाची भीडभाड उरली नव्हती. पाटी झाली का, एवढंच त्यांनी विचारलं. झाली, असं कळल्यावर हात झटकले.

"मग तारीख झाली."

"अशी कशी झाली? ठरवणारे तुम्हीच ना?"

"आम्ही?" हेडक्लार्क मनापासून हसले. मग त्यांनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. अध्यक्षांना सोयीची तारीख उपाध्यक्षांना कधीच सोयीची नसते आणि दोघांना चालली तर पाहुण्यांना चालत नाही. पुलाच्या वेळी याच भांडणात सगळा हिवाळा जात आला. शेवटी कंटाळून हापिसानं पाटीचा मजकूर तारखेची जागा मोकळी सोडून पाथरवटाकडे धाडला; घाला म्हटलं तुम्हीच एखादी. कोरलेली पाटी आली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. माणसाशी वाद घालता येतो, दगडाशी कोण घालणार? तेव्हापासून हापिसात तीच रीत पडली. मजकूर हापिसाचा, तारीख पाथरवटाची.

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या.

"हीच का, असं कधी विचारलं नाहीत?"

"विचारलं की. पुलाच्या वेळीच विचारलं. तुम्हाला सांगायचं नाही, या बोलीवर बोलले." हेडक्लार्कनं चष्मा काढून हातात घेतला. "म्हणाले, पोरीचा पहिला वाढदिवस आहे. बँड लावायची माझी ऐपत नाही, गाव लावतंय तर लावू दे."