पेटीवरची वर्दळ

"जिवंत आहेत! अगं, जिवंत आहेत!" तात्या परसातून ओरडले. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिने मान वर केली नाही. अख्ख्या संसारात पहिल्या हाकेला तिने कधी ओ दिलीच नव्हती, त्यामुळे तात्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

सगळा हिवाळा ते अंथरुणाला खिळून होते. आज पहाटे दुखणं एकदम थांबलं, बटण बंद केल्यासारखं. तात्या उठले ते तडक मधमाश्यांच्या पेटीकडे. अनवाणीच. गवत दवाने पांढरं झालं होतं, पण पायांना गार म्हणून लागलं नाही. बदामाला पहिली फुलं आली होती, त्यांवर माश्यांची झुंबड. पेटीच्या तोंडाशी तर जत्राच! आत-बाहेर, आत-बाहेर.

आता मेहुण्याची जिरणार होती. "दाजी, यंदा तुम्ही काय न् ती पेटी काय, कोणी थंडी काढत नाही," असं तो तात्यांच्या उशाशी बसून, तात्यांचीच द्राक्षं खात म्हणाला होता.

घरही आज माणसांनी भरलं होतं. बऱ्या झालेल्या माणसाला बघायला एवढे नातेवाईक! पण एक जण थांबून बोलेल तर शपथ. शिष्ट कुठले.

तेवढ्यात मेहुणा परसात आला, मागोमाग तात्यांची मुलगी.

"अगं, बापाच्या माश्या जोरात आहेत की!"

"बोल आता!" तात्या म्हणाले. मेहुण्याने बघितलंसुद्धा नाही.

मुलगी पेटीशी वाकली. तिचे डोळे सुजले होते. "नाही हो मामा. फुलांवरच्या बघा, पायांना पिवळी पूड आहे. त्या जातात कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांच्या पेटीत. इथे येतात त्यांचे पाय कोरे. रिकाम्या येतात, जड होऊन जातात. आतल्या सगळ्या मेल्यात. या परक्या आहेत, उरलेला मध न्यायला आल्यात."

"काहीतरीच!" तात्या खेकसले. "मेलेल्या पेटीवर एवढी वर्दळ असते होय?"

ते तणतणत घराकडे वळले. पायरीवर चुलतभाऊ भेटला, काखेत तात्यांचा रेडिओ. त्याच्यामागे भाचा, भिंतीवरचं घड्याळ पोटाशी धरून. विहीणबाईंच्या दोन्ही हातांत डबे. आत शिरणाऱ्यांचे हात मात्र मोकळे होते.

तात्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.